चमच्यापासून पंच्यापर्यंत

चुलबंद नदीच्या घाटावरून परत आलो आणि परातेच्या अंगणात कडुलिंबाचा पाला चावत उभे होतो, तेव्हा देवानंदने मला हळूच बाजूला घेतलं. देवानंद लांजेवार हा परातेचा जुना विद्यार्थी. लाखांदूरला त्याची धानाची मिल आहे. डोळे रडून सुजलेले, हातात मोबाईल. "कापगते सर, हे पाहा जी जरा. सकाळीच मी लीनभाऊले मेसेज टाकला होता. त्याचा हा जवाब आला. आता याले काय लिहू?" मी चष्मा लावला. वर देवानंदचं वाक्य होतं, आपल्याकडे सगळेच लिहितात तसं... सर एक्सपायर्ड टुडे मॉर्निंग. आणि त्याखाली चीनमधून आलेलं उत्तर : नो वरी. हाऊ टू रिन्यू?

मला हसू आलं. मयताच्या अंगणात, तोंडात कडू पाला, आणि मला हसू आवरेना. मग त्या हसण्यातूनच रडू फुटलं, आणि देवानंदने माझा दंड धरून मला बाजेवर बसवलं. आलेल्या लोकांना वाटलं, चाळीसेक वर्षांची दोस्ती, म्हाताऱ्याला सोसलं नाही. तेही खरंच होतं. पण मी मनात एकच म्हणत होतो, अरे पराते, हे ऐकायला तू पाहिजे होतास बे. मराठीत माणूस जातो, वारतो, देवाघरी जातो. इंग्रजीत सांगायची वेळ आली की आमच्या जिल्ह्यात तो खोकल्याच्या औषधासारखा एक्सपायर होतो. परातेला या शब्दाचा भारी राग होता. शाळेत कोणी अर्जात 'माय ग्रँडफादर एक्सपायर्ड' असं लिहिलं, की तो विचारायचा, "झाकणावर तारीख लिहिली होती का रे?" आणि शेवटी त्याच्याच वाट्याला तो शब्द आला.

लीनभाऊची, म्हणजे देवानंदच्या मिलची मशीन जोडून गेलेल्या त्या चिनी माणसाची, यात काही चूक नव्हती. देवानंदचं आणि त्याचं बोलणं चालायचं ते मशीनच्या कंपनीच्या चॅटवर. तिथे कायम हेच, वॉरंटी एक्सपायर झाली, पासवर्ड एक्सपायर झाला, आणि प्रत्येक वेळी काहीतरी करून ते रिन्यू होत असे. मी देवानंदला म्हटलं, आज फक्त 'वेट' लिही. हे तोंडाने सांगावं लागेल.

परातेची आणि माझी गाठ पडली आसगावच्या शाळेत. तो इंग्रजीचा, मी मराठीचा. आमची टेबलं एकमेकांना लागून होती आणि भांडणंही. तो पवनीच्या विणकर घरातला. बाप आणि दोन्ही काका मागावर बसणारे. त्यामुळे की काय, वाक्यात कुठे एक धागा तुटला तरी हा पुढे सरकत नसे. मुलांनी 'आय एट मेडिसिन' लिहिलं की लाल शाईने पान रंगायचं. औषध खात नाहीत, घेतात! 'क्लोज द फॅन' म्हटलं की पंखा काय दार आहे का, असं विचारून अख्ख्या वर्गाला उभं करायचा. मी चिडवायचो, "काहून त्या पोरांच्या मागं लागतो बे? इंग्रज गेले, आता कोन पाहाले येते?" तो शांतपणे म्हणायचा, "मी आहे ना."

हे 'मी' त्याचं खास होतं. कुणाच्याही दाराची कडी वाजवली आणि आतून 'कोन हाये?' आलं, की हा नाव सांगत नसे. फक्त 'मी' म्हणायचा, थोडं लांबवून. माझ्यातला व्याकरणाचा मास्तर खवळायचा. मी म्हणायचो, अरे, ते सर्वनाम आहे, ते नामाच्या बदली येतं, आधी नाम तर सांग! त्यावर तो म्हणायचा, "ज्याले आवाज ओळखू येत नाही, त्याच्या घरी मी जातच नाही." घरी परतल्यावरही तेच. सुमनवहिनी चुलीपासून विचारायच्या, कोन हाये, आणि दारातून उत्तर यायचं, मी. मग वहिनी चहाचं आधण ठेवायच्या. आयुष्यभर यात काही बदल झाला नाही.

आम्ही दोघंही निवृत्त झालो. मी सानगडीला माझ्या गावी राहायला गेलो, तो लाखांदूरलाच राहिला, कारण शेवटची नोकरी तिथे झाली होती आणि घरही तिथेच बांधलं होतं. आठवड्यातून एकदा मी एसटीने त्याच्याकडे जायचो. दिघोरीच्या रस्त्याने खिडकीशी बसून जाताना वादाचा विषय ठरवून ठेवायचो. असं बरं चाललं होतं. मग एका सकाळी वहिनींचा फोन आला, की यांचं तोंड वाकडं झालं आहे आणि गाडी करून नागपूरला घेऊन चाललो आहोत.

हात वाचला, पाय वाचला, तोंडही महिनाभरात जागेवर आलं. गेली ती नामं. क्रियापदं शिल्लक होती, सर्वनामं शिल्लक होती. दे, घे, बस, मी, तू, ते, सगळं बरोबर. पण वस्तूचं नाव घ्यायला गेला की जिभेवर काहीच येत नसे, आणि आलंच तर एकच शब्द यायचा, चमचा. असं का होतं ते मला कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, शब्द गेलेले नाहीत, सापडत नाहीत एवढंच. बोलत राहायला सांगा, गप्प बसू देऊ नका. पुन्हा झटका आला तर मात्र काही सांगता येत नाही. इंग्रजीचंही तेच झालं होतं. मराठीत चमचा, इंग्रजीत स्पून. निदान भाषांतर तरी बरोबर आहे, असं मी म्हणून पाहिलं. तो हसला नाही.

"भाऊजी, झाडूले चमचा म्हणते, चपलेले चमचा म्हणते," वहिनी मला ओसरीत सांगत होत्या. "काल त मलेच चमचा म्हणलं त्याहिनं." त्या हसत होत्या आणि पदराने डोळेही पुसत होत्या. पराते आत भिंतीकडे तोंड करून बसला होता. कोणी भेटायला आलं की तो तसाच बसायचा. ज्याने तालुक्यातल्या पोरांना शब्द पाठ करायला लावले, त्याला त्यांच्यासमोर चमचा म्हणायची लाज वाटत होती. मी जवळ जाऊन बसलो. तो तुकड्यातुकड्याने बोलला, आणि ते बोलणं मी विसरू शकत नाही. "मराले नाही भेत मी. पन मरतेवेळी..." त्याने अंगठा ओठाशी नेला, पाणी पितात तसा. "हे मांगाचं... अन् इथून चमचा निघाला त?" मी त्याचा हात धरला. "तसाच जाऊ का मी? चमचा म्हणत?" नाही, असं म्हणायला पाहिजे होतं, पण मला खात्री नव्हती, आणि परातेला खोटं लगेच कळायचं.

त्यानंतर तो बोलायचाच थांबला. वहिनी विचारायच्या, भाजी कोणती करू, तो मान हलवायचा. मी वाद काढायचो, तो ऐकून घ्यायचा. परातेने माझं म्हणणं मुकाट्याने ऐकून घ्यावं, यासारखी वाईट गोष्ट नाही.

अशातच धानाचा हंगाम आला आणि देवानंदच्या मिलमध्ये नवी मशीन आली. तांदूळ तिच्यातून पडायला लागला की ती प्रत्येक दाणा पाहते, आणि काळा दाणा दिसला की हवेची फुंकर मारून बाजूला उडवते. ती जोडून द्यायला कंपनीने चीनहून एक माणूस पाठवला. नाव लिन. मिलमधल्या बायामाणसांनी दुसऱ्याच दिवशी त्याला लीनभाऊ केलं. मराठीचा मास्तर म्हणून मला ते फार पटलं, कारण माणूस खरोखरच नम्र होता. पस्तिशीचा, बारीक, सतत घाम पुसणारा. त्याच्याकडे मशीनचे सगळे इंग्रजी शब्द होते, वॉल्व्ह, सेन्सर, प्रेशर, एरर. पण भूक लागली, बादली द्या, टॉवेल कुठे आहे, पोट दुखतं, यातलं एकही इंग्रजीत सांगता येत नव्हतं. फोनमधल्या भाषांतराला मिलच्या खडखडाटात काही ऐकू येत नव्हतं. तेव्हा देवानंद आपल्या इंग्रजीच्या सरांकडे धावत आला. सरांच्या जिभेचं त्याला काही माहीत नव्हतं. वहिनींनी दारातच सांगितलं तेव्हा तो ओशाळून परत निघाला. मी त्या दिवशी तिथेच होतो. मागे वळून पाहतो तर पराते चपला घालून उभा. "चल," तो म्हणाला.

मिलमध्ये जे झालं ते मी आजवर किती जणांना सांगितलं असेल! लीनभाऊला काहीतरी पाहिजे होतं. त्याने हाताने पिळल्यासारखं केलं, मग पुसल्यासारखं केलं. परातेला कळलं. तो ऐटीत देवानंदकडे वळला, "गिव्ह हिम... गिव्ह हिम द..." आणि थांबला. कपाळावर घाम आला. मी डोळे मिटून घेतले. "स्पून," पराते म्हणाला. कोणीतरी धावत जाऊन चमचा आणला. लीनभाऊने चमचा हातात घेतला, मशीनकडे पाहिलं, पुन्हा चमच्याकडे पाहिलं. देवानंदने डोक्याला हात लावला, "एकाले येत नाही, दुसऱ्याले आठवत नाही! माही मिल आज काही चालू होत नाही." आधी लीनभाऊ हसला. त्याला काय कळलं कोण जाणे. मग पराते हसला. आजारपणानंतर तो पहिल्यांदा हसत होता, आणि मग त्याला थांबताच येईना.

त्या दिवसापासून तो रोज मिलमध्ये जाऊ लागला. दोघं फिरायचे, एकेका वस्तूपाशी थांबायचे. लीनभाऊ बोट दाखवायचा आणि परातेच्या तोंडाकडे पाहायचा. पराते शब्द शोधत उभा राहायचा. गंमत अशी, की लीनभाऊला यात आजार आहे हे कळलंच नव्हतं. त्याला वाटायचं, ही शिकवायची पद्धत आहे, गुरुजी मुद्दाम थांबतात म्हणजे शिष्याने आधी डोकं चालवावं. म्हणून तोही मान वाकवून थांबायचा. आम्ही सगळे घाई करायचो, शब्द पुरवायचो, कीव करायचो. तो नुसता थांबायचा, आणि त्या थांबण्यात परातेला कधी कधी शब्द सापडायचा. बकेट. रोप. ब्रूम. सापडला की दोघांनाही सारखाच आनंद व्हायचा.

मग ती दुपार आली. वहिनींनी डबा पाठवला होता. आम्ही मिलच्या मागे सावलीत जेवायला बसलो. लीनभाऊने धानाच्या ढिगाकडे बोट केलं, "व्हॉट?" पराते थोडा थांबून म्हणाला, "राइस." लीनभाऊने मागच्या दारातून दिसणाऱ्या, चाचणीला लावलेल्या मशीनमधून पडणाऱ्या पांढऱ्या दाण्यांकडे बोट केलं. "राइस." मग ताटातल्या वाफाळत्या भाताकडे. "राइस," पराते म्हणाला, पण आता त्याचा चेहरा बदलला होता. लीनभाऊ हसायला लागला. "ऑल राइस? ओन्ली वन?" तीन वस्तूंना एकच शब्द कसा, हे त्याला पटेना. त्याचंही बरोबर होतं, तो धान पिकवणाऱ्या गावचा. धानासाठी इंग्रजीत पॅडी शब्द आहे, पण तो परातेला त्या वेळी आठवला नाही, हे आमचं नशीब. आठवला असता तर पुढचं झालं नसतं. परातेचा पारा चढला. तो रागावला ते थेट इंग्रजी भाषेवर. जिच्यासाठी तो आयुष्यभर माझ्याशी भांडला, तिच्यावरच! ताट बाजूला ठेवून तो उठला आणि ओरडला, "अरे, राइस काय राइस! हे धान! हे तांदूळ! हा भात! अन् ह्या कण्या, अन् तो कोंडा!" पाच नामं. सलग पाच. मी घास हातात घेऊन तसाच बसून राहिलो. परातेला स्वतःला क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि तो मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

लीनभाऊला वाटलं, आपलंच काही चुकलं. तो घाईघाईने आपले शब्द सांगू लागला, म्हणजे गुरुजींचं समाधान व्हावं. धानाकडे बोट, दाओ. भाताकडे बोट, फान. आणि तांदळाची मूठ उचलून म्हणाला, "मी." पराते डोळे पुसता पुसता थांबला. "काय?" लीनभाऊने मूठ पुढे केली, शब्द थोडा लांबवून पुन्हा म्हणाला, मी. "आयकलं का बे कापगते," पराते मला म्हणाला, "यांच्याकडं मी म्हणजे तांदूळ. आता सांग, नाम होय का सर्वनाम?" तो मला चिडवत होता. माझा पराते परत आला होता. मला एवढं हलकं वाटलं, की त्या दिवशी मी एसटीत शेजारच्या अनोळखी माणसालाही ही गोष्ट सांगितली.

मशीन सुरू झाली, लीनभाऊ परत गेला. पण जाताना त्याने देवानंदच्या मदतीने एक ठरवून घेतलं. कंपनी त्याला देशोदेशी पाठवणार होती आणि रोजचं इंग्रजी येत नाही म्हणून तो घाबरायचा. तर टीचरने फोनवर शिकवायचं. आपली सकाळ, त्यांची दुपारच्या जेवणाची सुट्टी. देवानंदने परातेला फोन लावून दिला, आणि पराते तयारीला लागला. त्याने वहिनींचं सूप घेतलं आणि त्यात घरातल्या वस्तू भरल्या, कंगवा, कुलूप, सुई, करंडा, पंचा, आणि अर्थात चमचा. रोज फोनसमोर बसून तो एकेक वस्तू उचलायचा, थोडा थांबायचा आणि नाव सांगायचा. कधी लीनभाऊला येत नसे, कधी परातेला आठवत नसे, कधी दोघंही अडायचे. मग वहिनी आतून ओरडायच्या, "कुलूप जी, कुलूप!" आणि तिघांचाही धडा व्हायचा. वहिनींची तक्रार एवढीच होती, "माहं सूप शाळेत घातलं. मी तांदूळ कशात पाखडू?" पण दुसरं सूप आणू म्हटलं तर नको म्हणायच्या.

एकदा लीनभाऊने त्या सुपाकडेच बोट केलं. पराते अडला. मी तिथेच होतो, मलाही इंग्रजी नाव माहीत नव्हतं. शेवटी पराते वैतागून म्हणाला, सूप. लीनभाऊने कल्पनेतली वाटी तोंडाला लावली, "सूप? ड्रिंक?" वहिनी पोट धरून हसल्या. काही दिवसांनी तो सुट्टीत आपल्या गावी गेला तेव्हा त्याने फोन घराच्या मागच्या दारी नेला. तिथे त्याची म्हातारी आई बसली होती आणि तिच्या हातात बांबूचं सूप होतं. आपल्यासारखंच, किंचित रुंद. "माय मदर," तो अभिमानाने म्हणाला, "ही इज मेकिंग सूप." ही आणि शी यातला फरक त्याला शेवटपर्यंत जमला नाही, त्याच्या भाषेत म्हणे बोलताना तो फरकच नसतो. वहिनींनाही तो 'ही'च म्हणायचा. वहिनी त्याच्या आईकडे पाहून हसल्या, त्याच्या आईने सूप उचलून दाखवलं. त्या दोघींना इंग्रजीची गरज पडली नाही.

लीनभाऊला हळूहळू आजाराचं कळलं. त्यानंतर तास सुरू होताना तो पहिला प्रश्न विचारायचा, "टीचर, मेडिसिन ईट?" त्यांच्यातही औषध खातात. या एका वाक्यासाठी परातेने किती पानं लाल केली होती, ते मी पाहिलं आहे. मी त्याच्याकडे रोखून पाहायचो, आता हा काय करतो. तो माझ्याकडे न पाहता म्हणायचा, "येस. ईट." मी म्हटलं, "अन् आता पंखा क्लोज करू का?" तो म्हणाला, "कर."

असे दोन हिवाळे गेले. नामं परत आली. आधी घरातली, मग अंगणातली, मग माणसांची, आणि शेवटी मी विसरलेल्या जुन्या शिक्षकांचीसुद्धा. तो एका विद्यार्थ्याच्या लग्नात माईक घेऊन बोलला. इतका वेळ बोलला, की वाढपी ताटकळले. मी पंगतीत बसून मनात म्हटलं, बोल बाबा, बोल. पण झटक्याची भीती होतीच. त्याने तो अंगठ्याचा प्रश्न मला पुन्हा कधी विचारला नाही, मीही काढला नाही. पण फोन वाजला की दर वेळी मला आधी तोच आठवायचा.

तो गेला त्या सकाळी मी पोहोचलो तेव्हा वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. बायका भोवती होत्या. मला पाहताच त्यांनी मला जवळ बोलावलं आणि माझं मनगट घट्ट धरलं. मला वाटलं, आता हंबरडा फोडतील. त्या हळू आवाजात सांगू लागल्या, "आंघोळ झाली जी. न्हानीतून आवाज देल्ला, अव, पंचा दे. मी घेऊन गेली तवरीक खाली बसले होते. बस, तेवढंच." मी मान हलवली. त्यांनी मनगट आणखी दाबलं. "पंचा म्हणलं त्याहिनं, भाऊजी. चमचा नाही म्हणलं."

माणूस गेल्यावर हायसं वाटलं असं लिहायची आपल्याकडे चाल नाही. पण मी लिहितो. मला हायसं वाटलं. दुःख होतंच, आजही आहे. एसटी लाखांदूरला शिरते तेव्हा मी अजूनही वादाचा विषय ठरवून बसलेला असतो. पण त्याने तो अंगठ्याचा प्रश्न विचारला त्या दिवसापासून ज्या भीतीने माझा पिच्छा धरला होता, तिने त्या एका शब्दासरशी तो सोडला. तो तसा नाही गेला. त्याला जे पाहिजे होतं त्याचं नाव घेऊन तो गेला.

दुसऱ्या दिवशी तासाच्या वेळेला परातेचा फोन वाजला. देवानंदने तो माझ्या हातात दिला. पडद्यावर लीनभाऊ, ओठाला भाताचं शीत लागलेलं. मला पाहून तो गोंधळला. मी मराठीचा मास्तर, माझं इंग्रजी परातेच्या थट्टेपुरतं. पण त्याचीच पद्धत वापरली, थोडा थांबलो आणि साधा शब्द घेतला. "सर डाइड." तो हळूच म्हणाला, "एक्सपायर... इज डाइ?" मी म्हटलं, येस. "नो रिन्यू?" मी म्हटलं, नो. त्याने मान खाली घातली. मग त्याने तोंड वर केलं आणि जे विचारलं, ते आमच्या नातलगांपैकी कोणी विचारलं नव्हतं. "टीचर... वर्ड्स ओके?"

"ओके," मी म्हटलं. "लास्ट वर्ड, टॉवेल. करेक्ट वर्ड."

"टॉवेल," तो म्हणाला. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "गुड. गुड. टॉवेल."

तेरवी झाली. पाहुणे गेले. परवा मी गेलो तर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ते सूप मोकळं करून द्या जी. घरात पाखडलेले तांदूळ नाहीत." इतके दिवस त्याला कोणी हात लावला नव्हता. मी एकेक वस्तू काढली. कंगवा आरशापाशी ठेवला, कुलूप खुंटीला अडकवलं, चमचा चुलीपाशी नेऊन दिला. पंचा वहिनींनी माझ्या हातून घेतला आणि स्वतःच्या खांद्यावर टाकला. मग सुपात तांदूळ घेऊन त्या ओसरीत बसल्या आणि पाखडू लागल्या. तेवढ्यात फोन वाजला. लीनभाऊ आता तासाच्या वेळेला कधीमधी वहिनींची चौकशी करायला फोन करतो. मी तो उचलला आणि त्याला वहिनी दिसाव्यात म्हणून त्यांच्या बाजूला पाटावर टेकवून ठेवला. पाखडण्याच्या आवाजात, सुपात डोळे घालून बसलेल्या वहिनींना ते कळलं नाही. नुसती चाहूल लागली, तसं त्यांनी सवयीने विचारलं, "कोन हाये?"

लीनभाऊला प्रश्न कळला नाही. त्याने पडद्यावर सूप पाहिलं, सुपातले पांढरे दाणे पाहिले. त्याला त्याचा शब्द आठवला आणि तो थोडा लांबवून म्हणाला, "मी."

वहिनींचा हात थांबला. मग त्या उठल्या, सूप खाली ठेवलं, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.